वेगवान बोटीला पंखा बरा की झोत?



३ एप्रिल १८४५ या दिवशी ब्रिटिश आरमाराने भर समुद्रात एक रस्सीखेच लावली. दोराच्या एका टोकाला होती ‘रॅटलर’ ही आगबोट. तिच्या पिछाडीला पाण्याखाली मळसूत्री पंखा, म्हणजे प्रोपेलर, बसविलेला होता. दुसऱ्या टोकाला होती ‘अ‍ॅलेक्टो’. तिच्या दोन्ही अंगांना पाणी कापणारी मोठी चाके होती. दोघींनी विरुद्ध दिशांना जोर लावला आणि थोड्याच वेळात रॅटलरने अ‍ॅलेक्टोला ताशी अडीच-पावणेतीन सागरी मैलांच्या वेगाने उलटे फरफटत नेले. पंखा जिंकला, चाक हरले, असा गाजावाजा झाला. पुढे अनेक पुस्तकांनी ही गोष्ट तशीच सांगितली.

गोष्ट खरी आहे, पण तिच्यातील एक तपशील सहसा गाळला जातो. त्या खेचाखेचीत रॅटलरची इंजिने अ‍ॅलेक्टोच्या इंजिनांच्या सुमारे दुप्पट शक्ती देत होती! वर्गातील एका बाजूला चार मुले आणि दुसऱ्या बाजूला दोन मुले उभी करून रस्सीखेच लावली, तर निकाल काय लागेल हे सांगण्यास पंच कशाला हवा? पंखा चाकापेक्षा सरस होता हे पुढे सिद्ध झालेच, परंतु ते या तमाशाने सिद्ध झाले नव्हते.

आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी आपण त्याच जागी उभे आहोत. वेगवान मोटरबोटींची चित्रे तुम्ही पाहता. कोणती किती अश्वशक्तीची, कोणती ताशी किती किलोमीटर धावते, याचे आकडे तुम्हाला तोंडपाठ असतात. मग प्रश्न येतो, “सर, यांतली सर्वांत भारी कोणती?” या प्रश्नाला उत्तर नाही, असे माझे मत आहे. प्रश्न अवघड आहे म्हणून नव्हे, तर तो अर्धवट आहे म्हणून. तो पूर्ण कसा करावा हे पदार्थविज्ञान आपल्याला शिकविते. शाळेत मात्र आपण त्यातील निम्माच भाग शिकवितो आणि थांबतो. ही माझी तक्रार आहे, आणि ती शिक्षकमित्रांकडेही आहे.

पाणी मागे, बोट पुढे. पण ऊर्जा कोठे?

न्यूटनचा तिसरा नियम तुम्हाला ठाऊक आहे. बोट पाण्याला मागे ढकलते, पाणी बोटीला पुढे ढकलते. वल्हे असो, पंखा असो की पाण्याचा झोत, तत्त्व एकच. परीक्षेत एवढे लिहिले की पुरे गुण मिळतात. परंतु बोट बांधणाऱ्याचा खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. पुष्कळ पाणी हळू ढकलावे, की थोडे पाणी जोरात?

आपण हिशेब करून पाहू. समजा, एक बोट सेकंदाला १० मीटर वेगाने चालली आहे आणि तो वेग टिकविण्यासाठी तिला २००० न्यूटनचा रेटा हवा आहे. म्हणजे उपयोगी शक्ती २००० गुणिले १०, अर्थात २० किलोवॅट.

पहिली पद्धत अशी. दर सेकंदाला १००० किलोग्रॅम पाणी घ्यावयाचे आणि त्याचा वेग २ मीटर प्रति सेकंद इतका वाढवून मागे सोडावयाचे. रेटा म्हणजे दर सेकंदाला दिलेला संवेग, म्हणून तो २००० न्यूटन भरतो. मागे गेलेल्या पाण्यात वाया गेलेली गतिज ऊर्जा दर सेकंदाला अर्धा गुणिले १००० गुणिले २ चा वर्ग, म्हणजे २ किलोवॅट. एकूण खर्च २२ किलोवॅट, त्यांपैकी २० कामी आले. कार्यक्षमता सुमारे ९१ टक्के.

दुसरी पद्धत पाहा. दर सेकंदाला फक्त १०० किलोग्रॅम पाणी घ्यावयाचे, पण त्याचा वेग २० मीटर प्रति सेकंद इतका वाढवावयाचा. रेटा पुन्हा २००० न्यूटनच! मात्र वाया गेलेली ऊर्जा अर्धा गुणिले १०० गुणिले २० चा वर्ग, म्हणजे २० किलोवॅट. खर्च ४० किलोवॅट, उपयोग २० चा. कार्यक्षमता ५० टक्के.

दोन्ही बोटी सारख्याच वेगाने धावत आहेत. तिसरा नियम दोघींनाही सारखाच लागू आहे. पण एकीच्या टाकीतले इंधन दुसरीच्या जवळजवळ दुप्पट गतीने संपते आहे. का? संवेगात वेग एकदाच येतो, तर गतिज ऊर्जेत त्याचा वर्ग येतो. एवढ्या एका गोष्टीत बोटींच्या तुलनेचे निम्मे शास्त्र सामावले आहे. नववी-दहावीचा विद्यार्थी हे गणित पाच मिनिटांत करू शकतो. मग आपण ते का करीत नाही?

मोठा पंखा का नको?

वरचा हिशेब वाचून तुम्ही म्हणाल, “मग ठरले तर! मोठ्यात मोठा पंखा लावा आणि सावकाश फिरवा.” संथ चालणाऱ्या मालवाहू जहाजांत नेमके हेच करतात. परंतु वेग वाढला की दोन शत्रू पुढे येतात.

पहिला शत्रू पाण्याचा विरोध. इंजिन बोटीच्या पोटात असेल, तर त्याचा शाफ्ट बुडातून तिरपा खाली उतरतो. त्याला पेलणारा आधार आणि मागचे सुकाणू पाण्यातच असतात. समजा, या सर्व लटांबराचा विरोध १० मीटर प्रति सेकंद वेगाला १०० न्यूटन आहे. विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून २० मीटरला तो ४०० आणि ३० मीटरला ९०० न्यूटन होईल. त्यासाठी लागणारी शक्ती अनुक्रमे १, ८ आणि २७ किलोवॅट. वेग तिप्पट, खर्च सत्तावीसपट! जे सामान मंद वेगाला जाणवतही नव्हते, तेच आता बोटीच्या गळ्यातला धोंडा बनते.

दुसरा शत्रू अधिक मायावी आहे. चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ मध्ये ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी पहिली बोट पाण्यात सोडली. यंत्र सामर्थ्यवान होते, पण बोट काही केल्या २० नॉटच्या पुढे जाईना. (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर.) दोष पंख्यापाशी होता. पंखा अतिवेगाने फिरला की पात्याच्या एका बाजूचा दाब फार उतरतो. २७ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यावरील दाब सुमारे ३.६ किलोपास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या अठ्ठाविसाव्या हिश्शापर्यंत उतरला, की ते पाणी तेथल्या तेथे उकळू लागते. चूल नाही, विस्तव नाही, तरी वाफेचे बुडबुडे! पात्याला ढकलण्यासाठी पाणी सापडत नाही आणि ते बुडबुडे फुटताना होणाऱ्या आघातांनी धातूलाही खड्डे पडतात. या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात. पार्सन्स यांनी एका लहान टाकीत पंखा फिरवून, लुकलुकत्या प्रकाशात ती प्रत्यक्ष पाहिली. मग एका शाफ्टच्या जागी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे त्यांनी बसविले. तेच काम अधिक पात्यांत वाटले गेले आणि टर्बिनिया ३४ नॉट वेगाने धावू लागली.

चार उत्तरे

या दोन शत्रूंशी कसे लढावे, याची निरनिराळी उत्तरे म्हणजेच आजच्या वेगवान बोटींच्या निरनिराळ्या चालनयंत्रणा. त्या एकमेकींच्या शत्रू नव्हेत, एकाच प्रश्नाची ती वेगवेगळी उत्तरे आहेत.

पहिले उत्तर पोटातले इंजिन आणि सरळ शाफ्ट. बांधणी साधी, दुरुस्ती सोपी, पंखा मोठा घेता येतो. कोकणातील मच्छीमार लाँच याच पद्धतीवर वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. मात्र वेग वाढला की वर सांगितलेला धोंडा गळ्यात पडतो. शिवाय शाफ्ट तिरपा असल्याने रेट्याचा काही भाग बोट वर उचलण्यात जातो.

दुसरे उत्तर बाहेरचा पाय. आउटबोर्ड मोटरमध्ये इंजिन, दंतचक्रे आणि पंखा हे सारे एकाच खोक्यात बोटीच्या पाठीवर टांगलेले असते. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास ही मोटर बाजारात रूढ केली. त्यानंतर १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटा कंपनीने स्टर्नड्राइव्ह पुढे आणले. त्यात इंजिन आत आणि फक्त पाय बाहेर. दोन्हींत रेटा आडवा मिळतो, पाय वळवला की बोट वळते, निराळे सुकाणू लागत नाही, आणि उथळ पाण्यात पाय वर उचलता येतो. आउटबोर्ड म्हणजे लहानशी मोटर, ही समजूत मात्र आता सोडून द्यावी. मर्क्युरी कंपनीने २०२१ मध्ये बारा सिलिंडरांची, ६०० अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर आणली आहे.

तिसरे उत्तर मला सर्वांत धीट वाटते. बुडबुडे होणारच असतील, तर पंखा अर्धा पाण्याबाहेरच ठेवावा! अशा अर्ध्या बुडालेल्या पंख्याचे प्रत्येक पाते वरून हवा घेऊन पाण्यात शिरते. वाफेच्या पोकळीची जागा हवा घेते, आणि हवेचा बुडबुडा वाफेच्या बुडबुड्यासारखा एकाएकी मिटत नाही. शाफ्ट आणि त्याचा आधार पाण्याच्या वर राहतात, त्यामुळे विरोधही घटतो. ‘स्लो-मो-शन फोर’ या शर्यतीच्या बोटीने २६ जून १९५० रोजी सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर ताशी सुमारे २५८ किलोमीटर वेग गाठला, तो अशाच पंख्यावर. त्यापूर्वीचा १९३९ मधील विक्रम सुमारे २२८ किलोमीटरचा होता. पण हाच पंखा मंद वेगाला दुबळा असतो आणि मागे जाताना तर फारच कुचकामी. बंदरात धक्क्याला बोट लावताना तांडेलाची तो परीक्षा पाहतो.

चौथे उत्तर वॉटरजेट. पंखा बोटीच्या आत, नळीत. बुडातील तोंडातून पाणी आत ओढावयाचे, पंपाने त्याला जोर द्यावयाचा आणि मागच्या तोटीतून झोत सोडावयाचा. न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात तेथील उथळ, खडकाळ नद्यांसाठी ही यंत्रणा कामाची करून दाखविली. झोत म्हणजे थोडे पाणी जोरात. म्हणजे आपल्या हिशेबातील तोट्याचीच पद्धत नव्हे का? होय, मंद वेगाला तसेच आहे. पण त्याच उदाहरणात बोटीचा वेग २० मीटर प्रति सेकंद घेऊन पाहा. रेटा आणि पाणी तेवढेच ठेवा. पहिल्या पद्धतीची कार्यक्षमता ९५ टक्के, तर दुसरीची ५० वरून ६७ वर येते. वेगाबरोबर अंतर कमी होत जाते. शिवाय झोताच्या बोटीला पाण्याखाली शाफ्ट नाही, आधार नाही, सुकाणू नाही. म्हणून वेगवान बोटींत झोत पंख्याच्या बरोबरीला येऊ शकतो. भारतीय तटरक्षक दलाच्या अनेक वेगवान इंटरसेप्टर बोटी वॉटरजेटवर धावतात त्या उगाच नव्हे.

वेगाचा राजा आणि गंगेचा प्रवास

“पण सर, शेवटी जिंकतो तो वेगवानच ना?” असे तुमच्यापैकी काही जण म्हणतील. तर मग दोन उदाहरणे शेजारी ठेवा.

ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांनी घराच्या अंगणात लाकडी बोट बांधली, तिला विमानाचे जुने जेट इंजिन बसविले आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ताशी सुमारे ५११ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला. तो आजही अबाधित आहे. ही बोट पाण्याला नव्हे, हवेला मागे ढकलत होती. सर्वांत वेगवान म्हणून ती सर्वांत चांगली मानावी, तर तिच्यात बसून कोणी अलिबागला जाईल काय?

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. सर एडमंड हिलरी १९७७ मध्ये गंगासागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध हिमालयाकडे निघाले, ते हॅमिल्टन झोतबोटी घेऊन. नंदप्रयागजवळ एका धबधब्याने वाट अडविली, तोपर्यंत त्या बोटी खळाळ आणि खडक पार करीत चढत गेल्या. बुडाखाली लोंबणारा पंखा तेथे पहिल्याच खडकावर मोडला असता. कागदावर ९१ टक्के कार्यक्षमतेचा पंखा मोडला, की त्याची कार्यक्षमता शून्य! उलट, शेवाळ, दोर आणि प्लास्टिक तरंगणाऱ्या खाडीत झोताच्या बोटीचे तोंड चोंदते आणि तिचीच फजिती होते.

शर्यती निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. अर्ध्या बुडालेल्या पंख्याचे ज्ञान आपल्याला बरेचसे शर्यतींनीच दिले. माझा आक्षेप इतकाच की, शर्यतीचा निकाल हा एका विशिष्ट बोटीचा, एका विशिष्ट दिवशीचा निकाल असतो. ‘ही यंत्रणा श्रेष्ठ’ असे म्हणावयाचे, तर बोटीचे बूड, वजन, इंजिनाची शक्ती आणि पाणी ही सारी सारखी ठेवून फक्त यंत्रणा बदलली पाहिजे. हे पूर्णपणे साधणे कठीण असते, कारण प्रत्येक यंत्रणेला आपापल्या घडणीचे बूड लागते. म्हणूनच प्रामाणिक अभियंता निकाल देताना ‘अमुक वेगाला, अमुक वजनाला, अमुक पाण्यात’ अशी पुस्ती जोडतो. ही पुस्ती म्हणजे पळवाट नव्हे, तेच विज्ञान आहे.

तक्त्यात नसलेला रकाना

आणखी एक गोष्ट तुलनेच्या तक्त्यांत क्वचितच आढळते. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इंजिनाचा जोर एकाएकी काढून घेतला तर काय होते?

शाफ्टच्या बोटीला सुकाणू असते. इंजिन बंद झाले, तरी बोट पुढे सरकते आहे तोवर ते थोडेफार काम करते. आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हचा पायही पाण्यात असल्याने किंचित वळवतो. पण झोताच्या बोटीला वळविणारी शक्ती म्हणजे झोतच. झोत थांबला की हातातील चाक कितीही फिरवा, बोट जवळजवळ सरळच जाते. तारकर्ली, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर पाण्यातील स्कूटर तुम्ही पाहिल्या असतील. त्या याच तत्त्वावर चालतात. समोर पोहणारा माणूस दिसला की नवख्याचा हात आपसूक जोर कमी करतो. सायकल आणि मोटारीची सवय त्याला तसे शिकविते. पण येथे जोर कमी करणे म्हणजे दिशेवरचा ताबा सोडणे. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारी बोट, माणूस विचार करीत असतानाच्या एका सेकंदात २० मीटर पुढे गेलेली असते. त्याच वेळी हेही सांगावयास हवे की, झोताच्या बोटीबाहेर फिरणारे पाते नसते, त्यामुळे पाण्यातील माणसाला पात्याची जखम होण्याची भीती फार कमी. आणि मागच्या तोटीवर झडप पाडून झोत उलटा फिरवला, तर निष्णात चालक ती बोट झटकन थांबवूही शकतो. गुण आणि दोष एकाच मुळातून आलेले आहेत.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि बाराहून अधिक माणसांचे प्राण गेले. त्या अपघाताची चिकित्सा करणे हे या लेखाचे काम नव्हे. पण जेथे प्रवासी बोटी, होड्या आणि वेगवान बोटी एकाच पाण्यात वावरतात, तेथे ‘किती वेगाने जाते’ याइतकाच ‘ताबा सुटला तर काय’ हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, हे त्या दिवसाने आपल्याला कठोरपणे सांगितले. तुमच्यापैकी कोणी उद्या बोट चालवील, कोणी बांधील, कोणी प्रवासी म्हणून बसेल. हा रकाना भरल्याशिवाय कोणताही तक्ता पूर्ण मानू नका.

एक प्रयोग करून पाहा

शिक्षकांना माझी विनंती आहे की, तिसरा नियम शिकविताना फळ्यावर संवेगाच्या शेजारीच गतिज ऊर्जेचे गणितही मांडावे. एक तास पुरतो. आणि विद्यार्थ्यांनी पुढील प्रयोग करावा. खेळण्यातील एक हलकी बोट, एक लहान मोटर आणि सेल घ्या. पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे दोन पंखे करा, एक मोठा, एक लहान. मोटर, सेल आणि बोटीचे वजन सारखे ठेवून फक्त पंखा बदला. पाण्याच्या लांब टाकीत ठरावीक अंतर जाण्यास लागलेला वेळ मोजा. तेवढ्यावर थांबू नका. व्होल्टमापक आणि अँपिअरमापक जोडून विभवांतर आणि विद्युतधाराही मोजा. तिन्हींचा गुणाकार म्हणजे त्या फेरीत खर्च झालेली ऊर्जा. प्रत्येक पंख्याच्या निदान पाच फेऱ्या घ्या आणि सरासरी काढा.

लवकर पोहोचणारा पंखा आणि कमी ऊर्जा खाणारा पंखा एकच निघतो का, ते तुमच्या वहीत तुम्हीच लिहा. वेगळे निघाले, तर ‘सर्वांत भारी कोणता?’ असे विचारणाऱ्या मित्राला ती वही दाखवा आणि उलट विचारा, “कोणत्या कामासाठी?”